कोळंबीवरचा आळ

गुरुवारी लालबागच्या मासळीबाजारात माशा मारण्यापलीकडे काम नसतं. निम्म्या घरांत उपास, आणि उरलेल्या निम्म्यांना उपासवाल्या शेजाऱ्यांची भीड. म्हणून गुणवंती गुरुवारी बाजारात बसायची नाही. माझगाव कोळीवाड्यातल्या आपल्या दीड खोलीत ती त्या दिवशी चादरी धुवायची, सुक्या बोंबलांना ऊन दाखवायची, आणि दुपारी दोन्ही हात पुढे करून लेकीसमोर बसायची. बाकी सगळं ठीक होतं. ते हात पुढे करून बसायला नको होतं. पण हे कळायला दोन वर्षं जायची होती.

गुणवंती काय चीज होती, हे ज्यांनी तिच्याकडून कधी मासळी घेतली नाही त्यांना सांगावंच लागेल. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने हाडकुळी, आणि आवाज असा की तिसऱ्या रांगेतल्या ओट्यावरून ती बोलली की दारातून आत शिरणारं गिऱ्हाईक आपसूक तिच्याकडे वळायचं. एखादी बाई पापलेटाचा कल्ला उघडून फार वेळ न्याहाळायला लागली की गुणवंती म्हणायची, "नवरी बघायला आयलीस काय गो? घे की आता!" बाई हसायची आणि घ्यायची. तोंडाने फटकळ, पण हात सढळ. कोळंबीच्या वाट्यावर वर दोन कोळंब्या टाकल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

तो ओटा मुळात सासूचा. कोळणीची बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे जाते, दागिन्यासारखी. सासूला सुना दोन, थोरली राधाबाई आणि धाकटी गुणवंती. राधाबाई स्वभावाने इतकी गरीब की भाव सांगताना तिचीच जीभ अडखळायची. म्हातारीने सरळ थोरलीला डावललं आणि ओटा धाकटीला दिला. राधाबाई डोक्यावर पाटी घेऊन घोडपदेवच्या चाळींचे जिने चढत राहिली. ह्यावरून दोघी जावांत कधी वाजलं नाही, हे नवलच म्हणायचं. गुणवंतीला मात्र त्याची बोच होती. धक्क्यावर मासळी घेताना ती चांगल्यातली चांगली आधी जावेच्या पाटीत टाकायची आणि वर तिच्यावरच डाफरायची, म्हणजे आभार मानायची सोय राहू नये.

नवरा दत्तू दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. सात वर्षांपूर्वी एका सकाळी धक्क्यावर जाळं उतरवताना छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. लेक शेफाली तेव्हा एकोणीस वर्षांची. तेरावा झाल्यावर चौदाव्या दिवशी गुणवंती ओट्यावर हजर. जे काही रडायचं ते तिने बर्फ फोडताना रडून घेतलं. घरात तिला दत्तूची रिकामी खुंटी दिसायची. बाजारात दोनशे माणसं तिच्याशी भांडायला असायची, आणि त्या भांडणांवर ती जगली.

शेफालीला मासळीचा वास नको होता. कॉलेजात कुणीतरी तिच्याशेजारून उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसलं होतं, ते तिने घरी कधी सांगितलं नाही. दत्तू गेल्यावर तिने चार-पाच वर्षं इकडेतिकडे दुकानांत नोकऱ्या केल्या आणि मग दादरला नखं रंगवायचा कोर्स लावला. गुणवंतीला आधी हसू आलं, नखं रंगवायला शिकावं लागतं हेच तिला नवीन होतं. पण पोरगी काहीतरी धरून उभी राहतेय, एवढं तिला पुरेसं होतं.

ह्या जेल पॉलिशचं असं असतं, की साध्या रंगासारखं ते वाऱ्यावर सुकत नाही. छोट्याशा दिव्याखाली बोटं धरावी लागतात, तेव्हा ते घट्ट होतं आणि मग पंधरा दिवस हलत नाही. कोर्समध्ये सरावासाठी प्लास्टिकचा हात विकत मिळायचा. पण घरात आईचे दोन खरे हात असताना प्लास्टिकचा कोण घेतो? शेफालीने साबणाच्या वडीएवढा, मोबाईलच्या चार्जरवर चालणारा दिवा आणला, स्वस्तातल्या बाटल्या आणल्या, आणि दर गुरुवारी आईला पुढ्यात बसवलं.

"आये, हलू नको ना! सगळं स्किनवर आलं बघ."

"मेलेलं पापलेट हाय काय मी, न हलायला?"

पहिले काही महिने जेल नखापेक्षा बोटावरच जास्त सांडायचं. शेफाली ते पुसायची, पुन्हा लावायची, पुन्हा दिव्याखाली. थोडं ओलं राहिलं तरी गुणवंती उठून चहा टाकायची. पुढच्या गुरुवारी खरवडून काढायचं आणि परत पहिल्यापासून.

आणि खरं सांगायचं तर गुणवंतीला ते आवडायला लागलं. तीस वर्षं तिच्या नखांत हळद, खवले आणि माकुळाची शाई ह्यापलीकडे रंग गेला नव्हता. आता दहा नखं जांभळीजर्द, त्यातल्या एकावर सोनेरी ठिपके. असल्या हातांनी ती सुरमईचे तुकडे करायची तेव्हा गिऱ्हाइकं बघत उभी राहायची. शेजारच्या ओट्यावरची माया आधी खूप हसली, आणि महिन्याभराने तिची मुलगी अक्षदा शेफालीकडे नखं करून घेऊन गेली. मग तिच्या मैत्रिणी, मग कुणाकुणाच्या सुना. शेफालीने लालबागलाच एका ब्यूटी पार्लरमध्ये भाड्याने टेबल घेतलं. तिला जाहिरात करावी लागली नाही, आईचे हात दिवसभर बाजारात तेच काम करत होते.

पहिल्या वर्षाच्या अखेरीला गुणवंतीच्या बोटांच्या टोकांना खाज सुटली.

दुसरी कुणी असती तर काय झालं म्हणून विचार तरी केला असता. कोळीवाड्यात विचार करावा लागत नाही. कोळंबी सोलताना डोक्याचा काटा बोटात जातो, तिचं पाणी कातडी खातं, बोटं फुटतात. असं झालं नाही अशी कोळीण शोधून सापडायची नाही. मायाने बोटांकडे नीट बघितलंही नाही. "कोलंबी लागली गो तुना," ती म्हणाली, "रात्री खोबऱ्याचं त्याल लाव." गुणवंतीने तेल लावलं, हळद लावली, फुटलेल्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या. बोटांवर बारीक फोड आले, फुटले, पुन्हा आले. तीस वर्षं कोळंबी सोलली तेव्हा काही झालं नाही, ते आत्ताच का, हे कुणी विचारलं नाही. फोड नेमके नखांच्या कडेकडेने का, हेही नाही. डोळ्यांसमोर दहा जांभळी नखं चमकत होती आणि सगळा बाजार कोळंबीला दोष देत होता. इतकी शहाणी माणसं एकाच वेळी आंधळी कशी होतात, हे मला अजून उलगडलेलं नाही.

शेफालीला मात्र न्याय द्यायला हवा. तिला एकदा शंका आली होती. आईची बोटं हातात घेतल्यावर ती दचकायची. तिने मोबाईलवर वाचलं, की जेलमधल्या काही रसायनांची काहींना ॲलर्जी येते, आणि त्यातलं एक मुख्य रसायन वगळून केलेल्या सौम्य बाटल्याही मिळतात. त्या रसायनाचं नाव हेमा. एक अख्खी दुपार तिने दादरच्या दुकानात उभं राहून एकेका बाटलीमागची बारीक अक्षरं वाचण्यात घालवली. दुकानदार वैतागला. शेवटी नाजूक त्वचेसाठी म्हणून मिळणारी, 'हेमा-फ्री' लिहिलेली एक बाटली तिने आणली. पार्लरच्या गिऱ्हाइकांनाही ती असलं महागाचं वापरत नसे. ही फक्त आईसाठी.

"हेमा कोन गो? आणि तिना फुकट कशाला सोडली?" गुणवंतीने विचारलं. दोघी खूप हसल्या. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसणं, असं शेफाली पुढे मनाशी म्हणायची.

सौम्य रंग लावला, फिकट गुलाबी, आणि तिसऱ्या दिवशी बोटं पहिल्यापेक्षा जास्त सुजली. अंगठ्याची कातडी सोलून निघाली.

झालं! सौम्यातलं सौम्य पॉलिश लावूनही बोटं फुटतात म्हणजे दोष पॉलिशचा नाही, हे मायलेकींनी एकमेकींना पटवून दिलं. शेफालीला तर हायसंच वाटलं. त्या बाटलीने पॉलिशची निर्दोष सुटका केली आणि कोळंबीला कायमचं अडकवलं.

गुणवंतीने कोळंबी विकायची सोडली. पण कोळंबी नाही म्हटल्यावर नेहमीची गिऱ्हाइकं पुढच्या ओट्यावर जायला लागली. हातांना चिंध्या गुंडाळलेल्या बघून नवी गिऱ्हाइकं थबकायची. एक बाई तर तोंडावर म्हणाली, "मावशी, तुमच्या हाताचं नको हां." गुणवंतीच्या तोंडाला एरवी कोण लागणार? त्या दिवशी तिने बाईला मायाकडे पाठवलं आणि फाटक्या बोटांनी बर्फ सारखा करत बसली.

गौरी-गणपती झाल्यावर तिने राधाबाईला बोलावलं आणि चार जणींच्या देखत ओटा तिच्या हवाली केला. "मना मासली सोसत नाय आता," एवढंच म्हणाली. राधाबाई रडायला लागली. "तुझी जागा हाय गो, मी सांभाळतंय फक्त. बरी झालीस की ये." गुणवंतीने तिला दटावलं आणि घरी आली.

ह्यानंतरचे दिवस शेफालीने डोळ्यांनी पाहिले. आई पहाटे चारला उठायची आणि मग कशासाठी उठलो हे आठवून बसून राहायची. जेवताना मासा उजव्या हाताने उचलायच्या आधी क्षणभर थांबायची. एकदा म्हणाली, "दर्याला माझा काय राग आला कोनास ठाऊक. तुझ्या बापालाही धक्क्यावरच नेला." कोळणीला मासळी बाधावी ह्याची तिला लाज वाटत होती, आपल्याच घरातून हाकलून दिल्यासारखी. ती कुणाच्या हळदीला गेली नाही, लग्नाला गेली नाही. आणि आईचं मन रमावं म्हणून शेफाली दर गुरुवारी न चुकता त्या सौम्य बाटलीतला गुलाबी रंग तिच्या नखांवर लावत राहिली. मायेने लावत राहिली. हे सांगायलाही मला जड जातं.

तीन महिने मासळीला हात नाही, तरी बोटं भरत नव्हती. मग एका सकाळी गुणवंतीच्या पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. शेफाली तिला परळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

त्वचेच्या विभागातली डॉक्टर तरुण होती, शेफालीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. तिने पापण्या पाहिल्या आणि लगेच म्हणाली, "हात दाखवा." मग बराच वेळ नुसती नखांकडेच पाहत राहिली.

"हे कोण करतं?"

"मी," शेफाली म्हणाली.

डॉक्टरने घरातल्या सगळ्या बाटल्यांचे फोटो मागवले, कोळंबीची वेगळी तपासणी केली, आणि पाठीवर वेगवेगळी रसायनं लावलेल्या चौकोनी पट्ट्या चिकटवल्या. त्या काही दिवस भिजवायच्या नव्हत्या. ठरलेल्या दिवशी पट्ट्या काढून पाहिलं तेव्हा दोन चौकोनांखालची पाठ लालभडक सुजलेली. ते दोन्ही चौकोन जेल पॉलिशमधल्या रसायनांचे. कोळंबीच्या तपासणीत काहीच निघालं नव्हतं.

डॉक्टरने समजावून सांगितलं ते असं. जेल कातडीला लागलं आणि छोट्या दिव्याखाली अर्धवट ओलं राहिलं, आठवड्यामागून आठवडा हेच झालं, आणि शरीराने त्या रसायनाशी कायमचं वैर धरलं. सौम्य बाटलीत एक रसायन नव्हतं, पण त्याच घराण्यातलं दुसरं होतंच. ज्यांना कधी त्रास झालेला नाही त्यांच्यासाठी, चांगला दिवा वापरून, कातडीला थेंबही न लावता, त्या बाटल्या बऱ्या. एकदा ॲलर्जी जडली की मात्र कुठलंच जेल सौम्य नाही. "पापण्यांना लागलं ते तुमच्याच बोटांनी," ती म्हणाली. "आता आयुष्यभर ह्यापासून लांब. दातांच्या फिलिंगमध्ये, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या सिमेंटमध्येही ह्याच घराण्यातली रसायनं असतात, तेव्हा तिथे तपासणीचा हा कागद आधी दाखवायचा."

गुणवंतीने त्यातलं किती ऐकलं देव जाणे. तिने एकच विचारलं, "मंग मासली विकू मी?"

"खुशाल विका. बोटं भरली की कोळंबीही सोला."

सुजलेल्या डोळ्यांनी ती इतकी हसली की डॉक्टरही हसली. दारातून बाहेर पडताना तिने भिंतीला हात टेकला आणि म्हणाली, "मना वाटला, दर्याने टाकला मना." शेफालीला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती रस्त्यातच रडायला लागली. गुणवंती तिला म्हणाली, "गप गो. तू काय जानून केलास?" आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं.

पण पुढचा पेच दोघींनाही घरी येईपर्यंत कळला होता. ओटा परत घ्यायचा तर बाजाराला सांगायला हवं की मासळी बाधत नव्हती. मग काय बाधत होतं, हे बाजार विचारणारच. आणि शेफालीची सगळी गिऱ्हाइकं त्याच बाजाराच्या लेकीसुना. दोन महिन्यांवर अक्षदाचं लग्न, नवरी आणि अकरा करवल्यांची नखं शेफालीकडे ठरलेली.

"मी सगळं बदलते आये," शेफाली म्हणाली. "मोठा लॅम्प घेते, सगळ्यांना तेच जेंटलवालं वापरते, स्किनला टच पण नाही करणार. पण हे कळलं ना, तर एक पण येणार नाही."

"नाय कलनार," गुणवंती म्हणाली. "भांड्याच्या साबनाने झाला बोलेन. साबन बदलला, बरी झाली. झाला?" असं दोघींचं ठरलं. खोटं बोलायची गुणवंतीला हौस नव्हती, पण ह्या खोट्यात ओटाही वाचत होता आणि लेकही.

दीड महिन्याने बोटं भरली. नखं कापून काढलेली, पातळ, पांढुरकी. एका बुधवारी सकाळी गुणवंतीने हिरवं लुगडं नेसलं, वेणी माळली, आणि शेफालीला घेऊन बाजारात आली. राधाबाईने तिला लांबूनच पाहिलं आणि पाट सोडून उभीच राहिली. "ये गो ये! बस. मी उद्यापासून पाटी घेतंय परत." तिच्या चेहऱ्यावर खरंच आनंद होता. आजूबाजूच्या बाया जमल्या. गुणवंती ओट्यावर चढली, पाटावर टेकली. समोर ओल्या कोळंबीचा ढीग होता. तिने त्यात बोटं घातली आणि डोळे मिटले.

"मग कशाने झाला होता गो?" कुणीतरी विचारलं.

"साबनाने," गुणवंती म्हणाली. "भांड्याच्या."

"साबन तर आमी पन तोच वापरतो," माया म्हणाली. ती पुढे वाकून गुणवंतीच्या बोटांकडे बघत होती. ह्या वेळी नीट बघत होती. "आणि नखं कशाला काढलीस? साबनाने झाला तर नखं कशाला काढवली?" मग ती शेफालीकडे वळली. "अक्षदा मोबाईलवर दाखवत होती मना, ह्या रंगाने पन असा होतो म्हणून. खरा काय गो?"

गुणवंती तोंड उघडणार होती. तिच्याकडे उत्तर होतं. तीस वर्षं ह्या बाजारात उत्तरं देऊनच तिने दिवस काढले होते. दोन क्षण मिळाले असते तर तिने मायाला हसता हसता वाटेला लावलं असतं.

"कोळंबीच आहे, मावशी," शेफाली म्हणाली. घाईघाईत, वरच्या पट्टीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आई मानत नाही, साबण साबण करते. डॉक्टरांनी लिहून दिलंय, मासळीला हात लावायचा नाही म्हणून. नखं पण त्याच्यामुळेच काढली."

राधाबाईने चटकन पुढे होऊन गुणवंतीचे हात ढिगातून बाहेर काढले आणि आपल्या पदराने पुसले. "अशी कशी गो तू," ती रडवेली होऊन म्हणाली. "जिवावर उठतंस काय स्वतःच्या?"

गुणवंतीने लेकीकडे पाहिलं. शेफाली मायाकडे पाहत होती. एक 'नाय' म्हणायचं होतं, कागद शेफालीच्याच पर्समध्ये होता. लेकीसाठी ओट्यावर पाणी सोड असं शेफालीने घरी मागितलं असतं, तर गुणवंतीने भांडून का होईना, ते सोडलं असतं. पण मागितलं नव्हतं. ते तिने घेतलं होतं, आणि घेताना आईकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

"व्हय," गुणवंती म्हणाली. "कोलंबीच लागतंय मना."

ती ओट्यावरून उतरली. मायाने सुटकेचा श्वास टाकला आणि शेफालीला म्हणाली, "मग रविवारी येतीस ना गो पोरींची नखं करायला?"

"येते ना," शेफाली म्हणाली.